एका दिवसाची रानवाट

उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात तापणाऱ्या आपल्या आदिलाबादचा हिमनद्यांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु पैनगंगा जेथे वर्धेला मिळते त्या परिसरात, चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई गावाजवळ, भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या फेडन यांनी १८७५ साली एक नवल नोंदविले. तेथील चुनखडक घासून गुळगुळीत झाला होता, त्यावर ओरखडे होते आणि वर लहानमोठ्या धोंड्यांचा थर पसरला होता. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने पोटात धरलेल्या दगडांनी तो खडक खरवडला होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. तो चुनखडक मात्र पैनगंगेच्या दोन्ही अंगांस आहे.

आपल्या घरांतील मुलांना महाबळेश्वर-माथेरान ठाऊक असते; कडम नदी कोणत्या रानातून वाहते, हे मात्र सांगता येत नाही. जेथे पिढ्या गेल्या त्या भूमीची ओळख पायांनीच करून घ्यावी लागते. त्यासाठी वर्षातून एक दिवस पुरे. फक्त तो नीट आखलेला असावा.

पहिल्या खेपेस कुंटाळा बरा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील नेरडीगोंडा गावापासून हा कडम नदीवरचा धबधबा सुमारे १२ किलोमीटर आहे. निम्मे अंतर वाहनाने जावे व उरलेले सहा किलोमीटर पायी चालावे. जाऊन-येऊन बारा होतात. अखेरीस धबधब्याकडे उतरणाऱ्या शेकडो पायऱ्या आहेत, आणि उतरलेली प्रत्येक पायरी पुन्हा चढावयाची असते, हे घरातील आजी-आजोबांना आधीच सांगावे.

महिना नोव्हेंबर किंवा डिसेंबर निवडावा. पावसाळ्यात दगड निसरडे असतात व पाणी अनावर असते. फेब्रुवारीनंतर सागाची पाने झडून सावली उरत नाही, आणि धबधब्याची धारही रोडावते.

वेळेचा हिशोब कागदावर मांडावा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक ठोकताळा दिला: ताशी तीन मैल, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. त्या मापाने आपले बारा किलोमीटर अडीच तासांत संपावेत. पण तो ठोकताळा धडधाकट माणसाचा; आपल्याबरोबर लहान मुले असतात, पिशव्या असतात आणि वाटेत ऐन, मोह, तेंदू ओळखण्याचा मोह असतो. म्हणून ताशी तीन किलोमीटर धरावेत. सकाळी आठला चालू लागल्यास विसाव्यासह साडेदहास पोहोचता येते. दुपारी एकला परत फिरावे म्हणजे साडेतीनपर्यंत वाहन गाठता येते. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मधले दोन तास लचकलेल्या पायासाठी किंवा चुकलेल्या वळणासाठी राखीव असावेत.

साऱ्या आखणीत महत्त्वाची गोष्ट हीच: परतण्याची वेळ घरून निघण्यापूर्वी ठरवावी, आणि ती शेजाऱ्यास सांगून ठेवावी. एक वाजला आणि धबधबा अजून दिसला नाही, तरी मागे फिरावे. वयाने सर्वांत लहान किंवा सर्वांत थकलेला जो असेल, त्याच्या पावलांनी सर्वांनी चालावे.

माणशी दोन लिटर पाणी, भाकरी-पिठले, गूळ-शेंगदाणे, पट्ट्यांची गुंडाळी व शिट्टी एवढी शिदोरी पुरते. धबधब्याखालच्या डोहात मात्र कोणी उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्यात पोहता येणारेही बुडाले आहेत. गाडीरस्ता सोडून आडवाटेने जाण्याचा विचार असेल तर वनखात्याकडे चौकशी करून परवानगी घ्यावी. या जिल्ह्याच्या रानांत अस्वले आहेत, बिबटेही आहेत.

वाटेतील पाड्यांवर गोंड व कोलाम कुटुंबे राहतात. रान आपल्यासाठी एका दिवसाचे असते, त्यांच्यासाठी बारा महिन्यांचे. भेटेल त्यास ‘राम राम’ करावा व वाट विचारावी. येथील अनेक गोंड वडीलधाऱ्यांना मराठी समजते, हे कळल्यावर मुलांना मोठा आनंद होतो. कोणाच्या शेतातून आडवे जाऊ नये आणि आपला कचरा आपणच परत आणावा.

रात्री जेवणे झाली की मुलांकडून कोऱ्या कागदावर नकाशा काढून घ्यावा: नेरडीगोंडा, सागवन, कडम, आणि ती जिला मिळते ती गोदावरी. मग उत्तरेस पैनगंगा काढावी, जिच्या काठच्या खडकावर बर्फाचे ओरखडे आहेत. तीही वर्धेतून आणि प्राणहितेतून अखेर गोदावरीलाच मिळते, हे मुलांच्याच बोटाने रेघेवरून फिरवून घ्यावे.