चतुःसीमा

आजींनी तो फोन कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. पुण्याला दीड महिना राहून मी तंजावरला परतले आणि त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्या गाण्यांबद्दल काहीच बोलेनात. शेवटी मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून काही तरी बिघडलं, अम्मा. तुला कसं सांगू, म्हणून ठेवून दिला."

त्यांच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं.

आजी तंजावरी मराठी. घर मेल राज वीदीजवळच्या एका बोळात आहे. भिंती इतक्या जाड, की त्या निजतात त्या आतल्या खोलीत मोबाइलची रेंज पोचत नाही. नजर अधू झाल्यापासून गाणं हाच त्यांचा सोबती. लहानपणी देवळात ऐकलेल्या हरिकथा त्यांना अजून आठवतात. तंजावूर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाचा साचा तमिळ हरिकथेत आणला आणि त्याबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळमध्ये गेले. हा इतिहास मी पुस्तकातून शिकले. आजींना तो चालींवरून माहीत आहे.

म्हणून मी एका संगीत अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'अमर्याद डाउनलोड' असं होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी, पुढच्या ओसरीवर रेंजमध्ये बसून, मी एका जुन्या फोनवर अभंग, हरिकथा, नादस्वरम असं जमेल ते उतरवत होते. सातव्या दिवशी गाणी उतरेनाशी झाली. चक्र नुसतं फिरत राहायचं. मदत केंद्राला लिहिलं, तर 'वाजवी वापर धोरणा'नुसार डाउनलोड थांबवल्याचं उत्तर आलं. वाजवी म्हणजे किती, असं विचारलं. आकडा सांगता येत नाही, म्हणाले. जमलं तेवढं आजींना देऊन मी पुण्याला गेले. तो फोन महिनाभर इंटरनेटला जोडला गेला नाही आणि उतरवलेली गाणीही एका दिवशी राखाडी होऊन मुकी झाली.

यामागचं यंत्र समजून घेतलं तर ते अगदीच अन्यायाचं नाही. वर्गणीतून उतरवलेलं गाणं आपण विकत घेतलेलं नसतं. ते कुलूपबंद असतं आणि किल्लीला मुदत असते. वर्गणी चालू आहे का, हे अ‍ॅपला अधूनमधून तपासावं लागतं. कोणतं गाणं किती वेळा वाजलं याचा हिशेबही लागतो, कारण हक्कदारांचे पैसे त्यावर ठरतात. स्पॉटिफाय तर हे मदतीच्या पानावर सरळ लिहितं : पाच उपकरणं, प्रत्येकावर दहा हजार गाणी आणि तीस दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन येणं. मर्यादा असण्याला माझी हरकत नाही. 'अमर्याद' म्हणून ती लपवण्याला आहे. लपवलेल्या मर्यादेवर माणूस आदळतो तेव्हा त्याला वाटतं, आपलंच चुकलं. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला ते वाटलं आणि तिने फोन साड्यांखाली दडवला.

पण मला खरी टोचणी वेगळीच होती. काही वर्षांपूर्वी, साहित्याच्या अनुवादावर घर चालत नाही म्हणून, मी एका एजन्सीसाठी शब्दांच्या हिशेबाने अशाच एका सेवेच्या अटी मराठीत आणल्या होत्या. 'अनलिमिटेड'ला 'अमर्याद' मीच लिहिलं. त्याच्या डोक्यावरची चांदणी तशीच ठेवली आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं, 'वाजवी वापराच्या अटींना अधीन राहून'. वाक्य व्याकरणशुद्ध होतं. त्याचा अर्थ काय, हे मी विचारलं नव्हतं.

आता मी सरस्वती महालातले मोडी कागद वाचते. मराठ्यांनी इथे १८५५ पर्यंत राज्य केलं आणि कागद भरपूर ठेवले. मराठी दानपत्राची एक रीत आहे : जमीन दिली, एवढं म्हणून भागत नाही. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला कोणाचं शेत, उत्तरेला कोणता ओढा, अशी चतुःसीमा लिहावी लागते. कुठवर दिलं हे सांगितलं, तरच काही दिलं म्हणायचं. 'मर्यादा' या शब्दाचा जुना अर्थही सीमा, शीव असाच. पुढे त्याला वागण्यातल्या आबाचा अर्थ चिकटला, म्हणून 'अमर्याद वागणं' ही मराठीत स्तुती नव्हे. आणि 'वाजवी' तर अरबी 'वाजिब'वरून आलेला. जे देणं लागतं, जे योग्य आहे, ते वाजवी. बाजारात वाजवी भाव म्हटलं, तर विचारल्यावर आकडा सांगावा लागतो.

इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्यात राजाची बाजू असणारच, पण पहिली ओळ मोठी आणि शेवटची बारीक, असं केलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक सूचना वाचताना मला ती भिंत आठवली. खुलाशाची भाषा दाव्याचीच हवी, फाँटही दाव्याचाच हवा आणि खुलाशाने महत्त्वाची माहिती दडवू नये, असं त्यात म्हटलं आहे. आमच्या धंद्याला याहून नेमका नियम मी वाचलेला नाही.

मध्यंतरी एजन्सीकडून पुन्हा तसंच काम आलं. मी कळवलं, मर्यादेचा आकडा सांगा, नाही तर 'अमर्याद' लिहिणार नाही. उत्तर आलं, "मग 'अनलिमिटेड'च ठेवा, सगळ्यांना कळतं." काम दुसऱ्या कुणी केलं असणार. माझ्या नकाराने जाहिरात बदलली नाही, आणि त्या महिन्याचे पैसे तेवढे कमी आले.

आजींच्या नातवाने घरातल्याच जुन्या सीडींवरची गाणी एका पेन ड्राइव्हवर उतरवली आणि तो लावायला एक छोटा स्पीकर आणला. आतल्या खोलीत तो वाजतो. त्याला रेंज लागत नाही. परवा आजींनी विचारलं, "किती आहेत यात?"

"एकशे बारा."

त्यांनी क्षणभर मनाशी काही मोजलं. "आणि हे बंद पडलं तर?"

"तर यंत्र बिघडलं असेल, आजी. तुमच्याकडून काही झालेलं नसेल."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पूर्ण पटलं असेल असं मला वाटत नाही.