पाच सेकंद

कॉलेजची फी ऑनलाइन भरून घेणाऱ्या एका सिस्टिमचं काम मी करत होते, तेव्हाची गोष्ट. जूनमधल्या एका सकाळी एका वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच जास्त कसंतरी झालं. "मॅडम, मुलीची फी दोनदा कापली गेलीय. खात्यात आता काहीच उरलं नाही."

लॉग उघडला. बँकेकडे विनंती गेली, पाच सेकंद झाले, टाइमआउट. मग माझ्याच कोडने शहाणपणा करून तीच विनंती पुन्हा पाठवली. दोन्ही वेळा पैसे कापले गेले.

कोड पायथनचा. प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर, आणि तिच्या उत्तरासाठी पाच सेकंदांची मुदत. टाइमआउट आला म्हणजे काम रद्द झालं, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. पाच सेकंदांनी मी वाट पाहणं सोडलं, एवढंच. थ्रेडला त्याचा पत्ताही नव्हता. तो सातव्या सेकंदाला बँकेचं 'हो' घेऊन आला, तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. तिथे 'कॅन्सल' म्हणूनही उपयोग नाही. एकदा सुरू झालेलं काम त्याने थांबत नाही, नुसतं 'फॉल्स' हातात पडतं.

असिंकआयओत 'वेट_फॉर' मुदत संपल्यावर टास्क खरोखर रद्द करतो, म्हणून मी हुरळून तिकडे वळले. तिथे वेगळीच गंमत. आम्ही पायथन ३.९ वर होतो आणि त्यात 'टाइमआउटएरर' नावाचे तीन वेगवेगळे एक्सेप्शन होते: भाषेचा स्वतःचा, असिंकआयओचा आणि थ्रेडवाल्या फ्युचर्सचा. मी पकडत होते एक, येत होता दुसरा. (३.११ मध्ये तिन्ही एकच केले. जरा आधी केले असते तर माझा एक रविवार वाचला असता.)

आणि एवढं करून रद्द होतं ते आपल्या बाजूचं. बँकेच्या सर्व्हरवर पोचलेली विनंती थोडीच मागे फिरते? शेवटी प्रत्येक व्यवहाराला एक कायमचा क्रमांक दिला. टाइमआउट आला की आता आधी त्या क्रमांकाचं काय झालं ते बँकेला विचारायचं. पुन्हा पाठवायची वेळ आलीच, तर तोच क्रमांक, म्हणजे बँक दुसऱ्यांदा कापत नाही. स्क्रीनवर 'अयशस्वी'च्या जागी 'तपासत आहोत' आलं.

त्यांचे पैसे सहा दिवसांनी परत गेले. ते सहा दिवस घर कसं चालवलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.