माहूरला मुक्कामी ये

नांदेड,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. डॉर्नॉकविषयी तू लिहिलेला मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडचं, समुद्राकाठचं, हजार-बाराशे वस्तीचं गाव, आणि गावाच्या मधोमध त्या वस्तीच्या मानाने केवढं तरी मोठं दगडी कॅथेड्रल. बिशप गिल्बर्टने ते 1224 साली बांधायला घेतलं, 1570 मध्ये सरदारांच्या आपसातल्या वैरात ते जाळलं गेलं, आणि 1835 ते 1837 या काळात पुन्हा नीट उभं राहिलं. बिशपच्या वाड्यात आता हॉटेल आहे. रेल्वे 1902 मध्ये आली आणि 1960 मध्ये बंदही झाली. बाहेरचे लोक येतात ते मुख्यतः गोल्फ खेळायला. हे सगळं सांगून तू विचारलंस, "मावशी, बिशप गेले, रेल्वे गेली, मग एवढंसं गाव टिकतं तरी कशावर?"

लेकरा, हा प्रश्न मला माहूरविषयी कितीतरी वर्षं पडलेला आहे. रेणुका आपली कुलदेवता, म्हणून लहानपणापासून आपण माहूरला जातो. नारळ फोडतो, ओटी भरतो, तांबूल घेतो आणि अंधार पडायच्या आत परतीची एस.टी. धरतो. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ आपल्या जिल्ह्यात आहे याचा अभिमान सगळ्यांना असतो. पण त्या पीठाभोवती एक गाव राहतं, आणि त्या गावाला स्वतःचा मोठा इतिहास आहे, हे फारसं कुणी पाहत नाही. तू तुझ्या नव्या गावाकडे इतक्या प्रेमाने पाहिलंस, म्हणून आपल्या जुन्या गावाविषयी तुला सविस्तर लिहावंसं वाटलं.

नांदेडहून माहूर सुमारे सव्वाशे किलोमीटर. हदगाव, उमरखेड, महागाव करत आपण विदर्भात शिरतो आणि धनोड्याला पैनगंगा ओलांडली की पुन्हा नांदेड जिल्ह्यात येतो. तिथून सागाचं जंगल आणि डोंगर सुरू होतात. एका डोंगरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तशिखर, तिसऱ्यावर अनसूयामाता, आणि समोर रामगडाची तटबंदी. या सगळ्यांच्या पायथ्याशी गाव.

रेणुकेची कथा तुझ्या आजीने तुला सांगितली असेलच, पण आता मोठेपणी ती पुन्हा मनात आण. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारल्यावर परशुरामाने वडिलांचा देह आणि आई यांना कावडीत बसवलं आणि अंत्यसंस्कारासाठी कोरी भूमी शोधत तो निघाला. ती भूमी त्याला माहूरला मिळाली. दत्तात्रेयांनी आचार्य होऊन विधी केले, रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने परशुराम व्याकूळ झाला, तेव्हा ती जमिनीतून प्रकट होईल, तोवर मागे वळून पाहू नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिलं तोवर फक्त मुख वर आलं होतं. म्हणून माहूरला देवीची पूर्ण मूर्ती नाही, शेंदूरचर्चित तांदळा आहे. त्या मुखासमोर उभं राहिलं की मला दर वेळी वाटतं, आईला पाहायची घाई झालेल्या मुलाची ही कथा ज्यांनी जपली, त्यांना माणसाचं मन फार खोलवर कळलेलं होतं.

आता सत्तेचा भाग सांगते, कारण तुझा प्रश्न तिथून निघाला आहे. रामगडावर आधी गोंड राजांची सत्ता होती. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने माहूर घेतलं. पुढे वजीर महमूद गवानाने राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पडले: एक गाविलगड, दुसरा माहूर. म्हणजे त्या काळी माहूर हे एका मोठ्या प्रांताचं ठाणं होतं. नंतर ते मोगलांकडे आलं. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेला शहाजहान 1623 मध्ये गोवळकोंड्याकडे गेला तो माहूरवरूनच. गडावरचा हत्ती दरवाजा, इंजाळा तलाव आणि पडक्या महालांच्या भिंती पाहिल्या की त्या काळातली वर्दळ समजते.

याच माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई. मोगलांच्या बाजूने तिने इतका पराक्रम गाजवला की औरंगजेबाने तिला रायबागन ही पदवी दिली. शाळेत आपण 2 फेब्रुवारी 1661 ची उंबरखिंडीची लढाई शिकतो. मोगलांचा सेनापती कारतलबखान सह्याद्रीच्या अरुंद खिंडीत अडकला, तेव्हा शिवाजी महाराजांना शरण जा, असा शहाणपणाचा सल्ला देणारी हीच रायबागन. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात तो प्रसंग आहे, आणि महाराजांनी त्या फौजेला वाट दिली. उंबरखिंडीत आज स्मारक आहे. माहूरला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी किती जणांना माहीत असेल की ती बाई या गावची होती? माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगायचे तेव्हा त्या ताठ बसायच्या. आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईचा शब्द सेनापतीला ऐकावा लागला, याचं त्यांना फार अप्रूप वाटायचं.

राज्यं आली आणि गेली. निजामाच्या काळात माहूरचा भाग किनवट तालुक्यात आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. पैनगंगा ही सरहद्द होती: अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पलीकडच्या उमरखेडला आपल्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात आलं. पुढे माहूर स्वतंत्र तालुका झालं. जे एकेकाळी प्रांताचं ठाणं होतं, ते आज जिल्ह्याच्या टोकाचा एक लहान तालुका आहे.

रेल्वेचं म्हणशील तर मुदखेड–आदिलाबाद मार्ग किनवटवरून जातो. माहूरला आजवर रेल्वे पोचली नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं काम चालू आहे, पण माहूरच्या भक्ताचा भरवसा अजून एस.टी.वर आणि जीपवरच आहे.

इतकं सगळं हातातून गेल्यावर हे गाव ओस पडायला हवं होतं. ते पडलं नाही, याचं पहिलं कारण असं की हा डोंगर कधीच कुणा एकाचा नव्हता. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयप्रभू आहेत. फलटणचे चक्रपाणी यात्रेला माहूरला आले, तेव्हा दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या माथ्यावर पंजा ठेवून त्यांना शक्ती दिली, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. म्हणून काळ्या-निळ्या वस्त्रांतले महानुभाव साधू-साध्वी देवदेवेश्वराच्या मंदिरात येतात. दत्तशिखर दशनामी परंपरेच्या महंतांकडे. सोनापीर बाबांच्या दर्ग्यावर हिंदूही जातात, आणि वझऱ्याला धबधब्याजवळ शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. गावालगत डोंगरात कोरलेली पांडवलेणी राष्ट्रकूट काळातली मानली जातात. साताऱ्याकडून आलेले विष्णुदास इथे रमले आणि त्यांनी रेणुकेवर रचलेली पदं आज घरोघरी म्हटली जातात. आसपासच्या तांड्यांवरचे बंजारा, जंगलातल्या पाड्यांवरचे गोंड, कोलाम, आंध या सगळ्यांचं माहूरशी नातं आहे. बाजाराच्या दिवशी तिथे मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू आणि दखनी कानावर पडते. एका राजाच्या आधाराने उभं राहिलेलं गाव त्या राजाबरोबर पडतं. ज्याला इतक्या लोकांनी आपलं मानलं, त्याला धरून ठेवणारे हात कमी पडत नाहीत.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे रोजचं काम. यात्रेचे दिवस सगळ्यांना दिसतात: नवरात्र, दत्तजयंती, राखी पौर्णिमेची परिक्रमा, जेव्हा श्रावणाच्या पावसात चिखल तुडवत हजारो माणसं डोंगरांना वळसा घालतात. पण तू एखाद्या साध्या मंगळवारी पहाटे तिथे उभा राहून बघ. दुकानदार ओटीचे खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या मांडत असतात. फुलवाल्या बाया टोपल्या घेऊन पायऱ्यांवर आपली जागा धरतात. देवळात पूजा-अभिषेक चालू असतो आणि तांबुलासाठी विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, वेलची, लवंग कुटण्याचा आवाज येतो. तो तांबूल दात नसलेल्या म्हातारीलाही खाता येतो. तो कुटणाऱ्या हातांचं नाव कुठल्या शिलालेखावर नाही. त्या दोनशेच्या वर पायऱ्या कुणीतरी झाडतं. दत्तशिखराच्या वळणावळणाच्या घाटात जीप चालवणारा पोरगा प्रत्येक वळण ओळखतो. दसरा-दिवाळीला डोंगरातली सीताफळं पाटीत घेऊन आदिवासी बाया रस्त्याकडेला बसतात आणि त्या चार पैशांत त्यांचा सण होतो. गावातले बाकीचे लोक कापूस, तूर, सोयाबीन करतात, तहसिलीत अर्ज घेऊन येतात, मुलांना शाळेत धाडतात. ही माणसं एक दिवस थांबली तर गडावरची सगळी पुण्याई जागच्या जागी थांबेल.

तुझ्या डॉर्नॉकमध्येही मला हेच दिसतं. बिशपची गादी गेली तरी कॅथेड्रल गावाचं चर्च म्हणून चालत राहिलं, कारण दर रविवारी कुणीतरी दार उघडलं, कुणीतरी दिवे लावले, कुणीतरी घंटा वाजवली. तू ज्या म्हाताऱ्या आजींच्या गुडघ्यांवर उपचार करतोस, त्यांच्यातलीच एखादी हे काम करत असेल. तिला विचार आणि मला कळव.

पण एका गोष्टीत ते गाव आपल्या पुढे आहे, आणि ते मला लागतं. तिथे आलेला माणूस मुक्काम करतो. जुना वाडा बघतो, तुरुंगाची जुनी इमारत बघतो, गावातल्या माणसाशी बोलतो, जेवतो. म्हणून त्या इमारती जिवंत राहिल्या. आपण माहूरला देवीचं दर्शन घेतो आणि पाठ फिरवतो. त्यामुळे रामगडाच्या बुरुजांवर झाडं उगवली तरी आपल्याला खंत वाटत नाही, आणि लेण्यांच्या समोरून गेलो तरी पावलं वळत नाहीत. डोंगरावर लिफ्ट आणि चांगले रस्ते व्हावेत, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना देवी भेटावी, असं मलाही मनापासून वाटतं. पण वर लवकर पोचून तितक्याच लवकर खाली उतरणारी गर्दी गावाला फारसं काही देत नाही. हॉटेलवाल्याला रात्रीचं गिऱ्हाईक मिळालं, एखाद्या शिकलेल्या पोराला गड दाखवायचं काम मिळालं, लेण्यांपुढे माहितीचा धड फलक लागला, तर गावातली मुलं पुण्या-हैदराबादच्या वाटेला कमी लागतील.

आणि बघ, आपल्या श्रद्धेतच याचं उत्तर आहे. दत्तप्रभू दिवसभर कुठे कुठे फिरतात: स्नानाला एका तीर्थी, भिक्षेला कोल्हापूरला. निद्रेला मात्र ते माहूरला येतात, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ज्या गावाला देवाने मुक्कामासाठी निवडलं, तिथे भक्तानेही रात्र काढायला हवी.

म्हणून माझं एक मागणं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊ नकोस, तेव्हा डोंगर करपलेला असतो. राखी पौर्णिमेनंतर ये, गर्दी ओसरलेली असते आणि रान हिरवंगार असतं. सूनबाईला आणि नातीलाही आण. दोन रात्री आपण गावातच राहू. पहिल्या दिवशी देवीचं दर्शन, दुसऱ्या दिवशी गड आणि लेणी, तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तशिखर आणि अनसूयामाता. रायबागनची गोष्ट मी नातीला हत्ती दरवाज्यात बसून सांगेन, गुडघे साथ देतील तेवढं चढेन. पावसाळ्यात गडाच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा तिच्यासाठी चांगल्या पकडीचे बूट घे. रजेच्या तारखा वेळेवर कळव, म्हणजे खोल्यांचं आधीच सांगून ठेवते.

थंडीत जप. दोघींना आशीर्वाद.

तुझी,
मावशी