मर्फीला कंठ फुटला!

रविवारी सकाळी आठला घराबाहेर पडणं हा खरं तर गुन्हा आहे. आठवडाभर डेडलाइनशी मारामारी केल्यावर तर नक्कीच! तरीही गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी पुण्यात, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चिखल तुडवत उभी होते. बुधवार आणि रविवार हे या बाजाराचे दिवस. पितळी कुलपं, गंजलेले पाने, भांडं नसलेला मिक्सर, कुणाच्या तरी लग्नाचा फ्रेमसकट फोटो... आणि रेडिओ. म्हणजे रेडिओ माझ्याकडे होता. मला त्याचे दोन नॉब हवे होते.

थांबा, आधीपासून सांगते. साताऱ्याचं आमचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं, तेव्हा माळ्यावरून आजोबांचा मर्फी निघाला. लाकडी, जड, कापडी जाळी उंदरांनी कुरतडलेली. डायलची दोरी तुटून काटा शॉर्टवेव्हच्या ४१ मीटरवर अडकलेला. भंगारवाल्याने दोनशे रुपये सांगितले आणि बाबा द्यायला निघालेसुद्धा. आजी काहीच बोलली नाही. फक्त पदराने काच पुसली. झालं! मी तो डिकीत टाकून पुण्याला आणला. पुढे काय करायचं याची शून्य कल्पना.

मर्फी म्हणजे ओठावर बोट ठेवलेलं ते गोंडस बाळ, आठवतंय? ‘बर्फी’ (२०१२) मधल्या रणबीरचं नाव त्याच रेडिओवरून आलेलं. या रेडिओचा भारतातला कारखाना आपल्या ठाण्यात होता, हे मात्र मला आत्ता कळलं.

बाजारातल्या दुकानदाराने फोटो बघूनच उपाय सांगितला, “मॅडम, आतली मशीन काढून ब्लूटूथ टाकतो. तीन हजार. एकदम कडक!” त्याच्याकडे असे पाच-सहा तयार होते. पॉलिश चकाचक, आत निळा दिवा. कॅफेवाले नेतात म्हणे. खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ ‘हो’ म्हटलं होतं. तेवढ्यात शेजारच्या पोत्यात हात घालून बसलेले सत्तरीचे एक काका म्हणाले, “थांब गं. चालू करून पाहिलास का तो?”

“नाही.”

“शाबास. मग वाचला.”

त्या पोत्यात काय होतं? ब्लूटूथवाल्या कॅबिनेटांमधून उपटलेले मूळ सांगाडे, किलोच्या भावाने. काका त्यातून काचेचे वॉल्व्ह निवडत होते, आपण मंडईत वांगी निवडतो तसे.

काकांचं वर्कशॉप म्हणजे कसबा पेठेतल्या एका वाड्यातली खोली. सव्वीस रेडिओ, चार टीव्ही आणि बसायला एक स्टूल. नोकरीतून रिटायर झाल्यावर हा नाद लागला. (काकू ‘नाद’ हा शब्द वेगळ्या टोनमध्ये वापरतात.) मर्फीचं मागचं झाकण उघडून त्यांनी दाखवलं. मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांनी झिरपायला लागतात, नको तिथे करंट सोडतात. अशा वेळी सेट थेट प्लगमध्ये घातला तर आउटपुट वॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मर दोन्ही जळू शकतात. माळ्यावरून उतरवलेले कितीतरी सेट असे उत्साहाच्या भरात मेलेत.

म्हणून आधी सिरीज बल्ब. सेटच्या वाटेत एक साधा पिवळा, शंभर वॅटचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि सेट वाचतो. आमचा बल्ब पेटला आणि भरपूर पेटला. काका खूश! “आता कळलं कुठे दुखतंय ते.”

पुढचे दीड महिने माझे शनिवार-रविवार त्या खोलीत गेले. कंडेन्सर आणायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जायचं. तिथल्या पोराला वॉल्व्ह विचारला, तर त्याने आधी माझ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं. काका नवे कंडेन्सर जुन्याच्या पोकळ नळीत लपवून बसवतात, म्हणजे बघणाऱ्याला मूळचेच वाटावेत. मी विचारलं, मग हे ओरिजिनल कसं? म्हणाले, “तुझ्या आजीने कवळी बसवली, तर ती आजी राहत नाही का?”

आणि मोबाइल जोडायचा असेल तर? त्यासाठीही पोट फाडावं लागत नाही. बऱ्याच सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी भोकं असतात, वायर तिथे लावायची. मात्र ज्या सेटमध्ये मेन्स ट्रान्स्फॉर्मर नसतो, त्याचा पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. त्याला हातही लावायचा नाही, मोबाइल तर दूरच. माझ्या मर्फीत ट्रान्स्फॉर्मर निघाला. नशीब!

टीव्हीची कथा जास्त रडकी. काकांकडे लाकडी शटरचा एक ब्लॅक अँड व्हाइट सेट आहे. पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट धरून ठेवते, म्हणून आधी ती डिस्चार्ज करायची, एक हात खिशात ठेवून. एवढं करून सेट सुरू होतो आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुण्यात टीव्ही आला १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या टॉवरवरून. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जुने अॅनालॉग ट्रान्समीटर जवळजवळ सगळीकडे बंद केले. सेट टणटणीत, पण त्याच्याशी बोलणारं कुणी नाही! मग सेट-टॉप बॉक्स आणि मॉड्युलेटर लावून काका त्याला बातम्या दाखवतात. मला ते बघवलं नाही.

मर्फी तयार झाला तो गणपतीनंतर. नॉब अखेर जुन्या बाजारातच मिळाले, वेगळ्या रंगाचे. नवी दोरी ओवताना काकांनी विचारलं, “काटा कुठे ठेवू?” म्हटलं, होता तिथेच.

आमच्या घरात सर्वमान्य इतिहास असा, की आजोबा फक्त नाट्यसंगीत ऐकायचे. सिनेमाची गाणी? छे! साताऱ्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मर्फी लावला. मिनिटभर शांतता, कारण वॉल्व्ह तापायला वेळ लागतो. बाबांनी माझ्याकडे ‘किती रुपये घातलेस?’ छाप नजर टाकली. मग खरखर सुरू झाली. खरखरीच्या मागे कुठलंतरी चिनी स्टेशन.

“एक्केचाळीसवर आहे का गं?” आजीने विचारलं.

मी उडालेच. आजीला मीटर बॅण्ड माहीत?

“सिलोन तिथे लागायचं. बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला. हे दार लावून घ्यायचे, मास्तर सिनेमाची गाणी ऐकतात असं बाहेर कळायला नको म्हणून.” केसकर मंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरून सिनेगीतं हटली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला, हे मी मास कॉमच्या परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. त्या पाच मार्कांत माझे आजोबा होते, हे कुठे माहीत होतं!

बाबा काही बोलले नाहीत. मीडियमवेव्हवर यावं म्हणून मी नॉबला हात घातला, तर आजीने माझा हात धरला.

“राहू दे जरा. अशीच खरखर असायची.”