गेला, पण पोचला नाही

मंगळवारी सकाळी साडेनऊला ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, गाडी गेटवरच हाय अजून. टीसी आल्याबिगर आत घेत न्हाईत म्हनत्यात."

गाडी चाकणच्या एका कारखान्याबाहेर उभी होती. गाडीत आमची पंपाची कास्टिंग होती. टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. माल कुठल्या हीटचा (म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेचा), त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, कडकपणा किती, हे सगळं त्यावर असतं. बाकीची गिऱ्हाइकं तो कागदावर घेतात. हे गिऱ्हाईक गाडी पोचायच्या आधी मेलवर मागतं. मी तो आदल्या दिवशी संध्याकाळीच पाठवला होता. माझ्या कॉम्प्युटरवर 'सेंट'मध्ये तो व्यवस्थित दिसत होता.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते आणि गेली काही वर्षं ऑफिसातला सर्व्हरही. आधी तो सांभाळणारा मुलगा पुण्याला गेला, तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. आमची व्यवस्था साधी आहे. बाहेरून येणारा मेल होस्टिंगवाल्याकडच्या पेटीत पडतो. जाणारा मेल, म्हणजे बिलं, कोटेशनं, टीसी, आमच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवरून जातो. त्यावर लिनक्स आहे आणि पोस्टफिक्स. विट्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं आणि १९९८पासून सगळ्यांना खुलं असलेलं हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तक्रार न करता चालतं. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही.

टीसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर ड्रायव्हरला आणि तिथल्या स्टोअरला पाठवली, हातापाया पडून गाडी आत घ्यायला लावली. फोन ठेवते तोच त्याच कारखान्याच्या खरेदी विभागातून फोन आला. "मॅडम, व्हॉल्व्ह बॉडीचं तुमचं कोटेशन आलंच नाही. काल फाइल बंद केली आम्ही." ते कोटेशन मी गुरुवारी पाठवलं होतं. त्या ऑर्डरवर आमच्या मोल्डिंगला पुढचे दोन महिने काम मिळणार होतं.

पूर्वी प्रत्येक ऑफिसात जावक रजिस्टर असायचं. पत्र रजिस्टरात चढलं म्हणजे शिपायाने ते पोस्टात टाकलंच, असं नसे. म्हणून महत्त्वाचं पत्र रजिस्टर एडीने जायचं आणि सहीची पोचपावती फाइलला लागायची. मेलच्या बाबतीत आपण हे विसरलो. 'सेंट'मध्ये दिसणं म्हणजे मेल आपल्याच सर्व्हरच्या हातात पडणं, एवढंच. पुढचा प्रवास सर्व्हरने करायचा असतो आणि त्याचं जावक रजिस्टर म्हणजे मेलचा लॉग.

लॉग उघडायच्या आधी मी राउटर बंद करून चालू केला, सर्व्हरही दोनदा रीस्टार्ट केला. त्यात पाऊण तास गेला आणि काहीही बदललं नाही. मग न गेलेल्या मेलची रांग बघायची आज्ञा दिली. पडदा भरून यादी वाहत गेली. खाली आकडा आला: ६३ मेल. प्रत्येकाखाली कंसात तेच वाक्य होतं, समोरच्या सर्व्हरशी जोडणी होता होता वेळ संपली. सगळ्यात जुना मेल गेल्या गुरुवारचा होता.

गुरुवार म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बुधवारी संध्याकाळी आम्ही इंटरनेटची लाइन बदलली होती. नवी लाइन वेगवान होती, स्वस्त होती, आणि ब्राउझर, बँक, जीएसटीचं पोर्टल सगळं नीट चालत होतं. येणारा मेलही नीट येत होता, कारण तो आमच्या सर्व्हरवर येतच नाही. त्यामुळे पाच दिवस कुणालाच शंका आली नाही.

पण मेल पोचला नाही तर परत यायला हवा होता. तो का आला नाही? पोस्टफिक्स न गेलेला मेल पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतो आणि मगच हात टेकतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला सूचना द्यायची सोय त्यात आहे, पण आपण ती मुद्दाम चालू करावी लागते. आमच्याकडे ती बंद होती. गुरुवारच्या मेलची मुदत त्या मंगळवारीच संपत होती. यादीत वरच्या दोन-तीन ओळींत पाठवणाऱ्याच्या जागी 'मेलर डेमन' असं नाव होतं. त्या होत्या माझ्यासाठी निघालेल्या परतीच्या सूचना. माझी पेटी होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे त्या सूचनांनाही बाहेरच जायचं होतं. दार बंद आहे हे सांगणारा माणूससुद्धा त्याच बंद दाराआड अडकला होता. ते पाहून पोटात गोळा आला.

दार कुठलं, ते शोधायला वेळ लागला नाही. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल २५ नंबरच्या पोर्टवरून जातो. सर्व्हरवरून टेलनेटने समोरच्याचं २५ नंबरचं दार वाजवलं. कर्सर लुकलुकत राहिला, उत्तर नाही. त्याच सर्व्हरवरून होस्टिंगवाल्याचं ५८७ नंबरचं दार वाजवलं, ते लगेच उघडलं. म्हणजे सर्व्हर ठीक, इंटरनेट ठीक. नव्या लाइनवर २५ नंबर अडवलेला.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. घराघरांतल्या व्हायरस शिरलेल्या कॉम्प्युटरांतून मालकाच्या नकळत लाखो फसवे मेल बाहेर पडतात. म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या २५ नंबर मुळातच बंद ठेवतात. ज्याला खरोखर सर्व्हर चालवायचा आहे, त्याने तसं सांगून उघडून घ्यायचा. आम्ही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. कस्टमर केअरवरचा मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "नेट चालू आहे ना मॅडम?" शेवटी लेटरहेडवर अर्ज, जीएसटीचा दाखला आणि आमचा स्थिर आयपी नंबर पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं.

मधल्या वेळात एक काम मी जाणूनबुजून केलं आणि ते बरं झालं. रांगेतले सगळे मेल थांबवून धरले. दार उघडताच ६३ मेल एकदम सुटले असते, तर अनोळखी आयपीवरून अचानक आलेला लोंढा पाहून समोरच्यांनी संशय घेतला असता. शिवाय त्यात शुक्रवारचे दर असलेली कोटेशनं होती, आणि भंगाराचे दर त्यानंतर हलले होते. एकेक मेल उघडून बघितला. जे तातडीचे होते ते होस्टिंगवाल्याच्या वेबमेलवरून हाताने पाठवले आणि प्रत्येकाला फोन करून मिळाल्याची खात्री केली.

दार उघडल्यावर एकच मेल सोडून बघितला. या वेळी उत्तर आलं, आणि ते नकाराचं होतं. सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यात उत्तराचा पहिला आकडा महत्त्वाचा असतो. २ म्हणजे घेतला. ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या. ५ म्हणजे घेणार नाही, परत पाठवू नका. आम्हाला मिळाला ५५०, आणि पुढे कारण लिहिलं होतं: या आयपीला उलटी नोंद नाही.

नावावरून पत्ता काढणं आणि पत्त्यावरून नाव काढणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. डोमेनचं नाव आमचं, म्हणून नावावरून आयपी काढायची नोंद आमच्या हातात. पण आयपी नंबर इंटरनेट कंपनीचा, म्हणून आयपीवरून नाव काढायची नोंद, म्हणजे पीटीआर, त्यांच्या हातात. मेल घेणारा सर्व्हर हे दोन्ही बाजूंनी पडताळतो. आमचा सर्व्हर स्वतःचं एक नाव सांगत होता आणि त्याच्या आयपीला नावच नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा दोन दिवस. २५ नंबर आणि पीटीआर एकाच पत्रात मागितले असते तर हे दोन दिवस वाचले असते.

त्या दोन दिवसांत मी डोमेनच्या नोंदी काढून बसले. एसपीएफ ही त्यातली एक ओळ. आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुठल्या कुठल्या सर्व्हरला आहे, ते तिच्यात लिहायचं. आमच्याकडे अशा दोन ओळी होत्या. एक आमची, तिच्यात अजून जुन्या लाइनचा आयपी. दुसरी होस्टिंग घेताना कुणीतरी त्यांच्या सूचनेप्रमाणे तशीच खाली चिकटवलेली. नियम असा आहे की एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ असावी. दोन सापडल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. मी दोन्हींची मिळून एक ओळ केली. जुन्या नोंदीची मुदत २४ तासांची होती, म्हणून बदल सगळीकडे पसरायला तेवढं थांबावं लागलं.

शनिवारी मेल जायला लागले. लॉगमध्ये २५० हा आकडा दिसला तेव्हा मी साहेबांना हाक मारून दाखवला. पण माझ्या घरच्या खात्यावर पाठवलेला मेल स्पॅममध्ये पडला होता. घेणाऱ्याने पाकीट घेतलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता.

या अविश्वासाचं मूळ फार जुनं आहे. आज जग ज्या एसएमटीपीने मेल पाठवतं, त्याचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिला. तेव्हा जाळं लहान होतं, माणसं एकमेकांना ओळखत होती. पाठवणारा कोण, हे पडताळायची सोय त्यात ठेवलीच नाही. आंतरदेशीय पत्राच्या मागे प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे सगळं त्या एका रिकाम्या जागेवर लावलेलं ठिगळ आहे. आता ते ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतं, आणि दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्याला दोन्ही, वर डीमार्कही.

आमच्याकडे डीकेआयएम नव्हतंच. यात सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त चावीने शिक्का मारतो आणि त्या शिक्क्याची जोडीची चावी डोमेनच्या नोंदीत उघडी ठेवतो. मजकुरात वाटेत फरक पडला तर शिक्का जुळत नाही. २०४८ बिटची चावी केली, नोंदीत टाकली, तरी शिक्का नापास येत राहिला. एक अख्खा रविवार त्यात गेला. शेवटी नोंदीतलं एकेक अक्षर मूळ फाइलशी ताडून पाहिलं, तेव्हा चावीचं शेपूट गायब होतं. अशा नोंदीत एका तुकड्यात २५५ पेक्षा जास्त अक्षरं मावत नाहीत, आणि डोमेनच्या पॅनेलने पुढचं मुकाट्याने कापून टाकलं होतं. चावी अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकली. रात्री मेलचा मूळ मजकूर उघडला आणि तीन ओळी वाचल्या. एसपीएफ पास. डीकेआयएम पास. डीमार्क पास.

डीमार्क म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते सांगणारा डोमेनचा नियम. तो मी सुरुवातीला नुसत्या निरीक्षणावर ठेवला. आपल्या नावाने जगात कोण कोण मेल पाठवतंय, याचे रोजचे अहवाल त्यातून येतात. दुसऱ्याच आठवड्यात कळलं की आमच्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म तिसऱ्याच सर्व्हरवरून आमच्या नावाने मेल पाठवत होता आणि ते नापास होत होते. म्हणजे चौकशा येत होत्या आणि आम्हाला मिळत नव्हत्या. तो नीट करून मग नियम कडक केला. हे केवळ तांत्रिक समाधान नाही. "आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यावर पैसे भरा" असे खोटे मेल पुरवठादाराच्या नावाने पाठवून कारखान्यांना लुबाडलं जातं. हुबेहूब आमच्या डोमेनवरून असा मेल कुणी पाठवला, तर तो आता गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये सहजासहजी पडणार नाही.

साहेबांनी विचारलं, "हे सगळं दुसऱ्या कुणाकडे सोपवत का नाही?" प्रश्न रास्त होता. लहान कारखान्याने जाणारा मेल पैसे देऊन एखाद्या सेवेकडे द्यावा, असं माझंही मत झालंय, आणि पुढच्या वर्षी आम्ही तसं करू. पण तेव्हाही डोमेन आमचंच असेल. कुणाला आमच्या नावाने बोलायचा अधिकार द्यायचा, ते आम्हालाच लिहावं लागेल. ते काम बाहेर देता येत नाही.

व्हॉल्व्ह बॉडीची ऑर्डर गेली ती गेलीच. मोल्डिंगच्या पोरांना त्या दोन महिन्यांत ओव्हरटाइम मिळाला नाही. त्यांच्यापैकी कुणाला पीटीआर म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ते माहीत असणं माझं काम होतं.

आता सर्व्हरवर दर तासाला रांग मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. आकडा दहाच्या वर गेला की माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सूचना येते. ती मी मुद्दाम मेलने ठेवलेली नाही.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल, तर इंटरनेटची लाइन बदलायच्या आठ दिवस आधी नव्या कंपनीला लेखी विचारा: स्थिर आयपी कुठला, २५ नंबर उघडा आहे का, पीटीआर आमच्या नावाने कधी कराल. एसपीएफमध्ये नवा आयपी आधीच घाला आणि जुना लगेच काढू नका. लाइन बदलल्यावर आधी बाहेरच्या एका खात्यावर मेल पाठवा, आणि तो इनबॉक्समध्ये पडल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या दिवशी घरी जाऊ नका.