दैवाचा अर्ज

मराठीत लॉटरी 'लागते'. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, एखाद्या गोष्टीचा नाद लागतो. त्याच क्रियापदाने आपण आकस्मिक लाभाचीही वार्ता सांगतो. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. काहीतरी त्याच्यापर्यंत येते आणि त्याला चिकटते, एवढेच. नेपाळीत हे काम 'पर्नु' हे क्रियापद करते. ते आपल्या 'पडणे'चे सख्खे भावंड. तिकडे पाऊस पडतो तशी डीभीही पडते; 'डीभी पर्‍यो' एवढे दोन शब्द उच्चारले, की ऐकणाऱ्याला पुढचे सारे कळते. कोणीतरी अमेरिकेला निघाला.

डीभी म्हणजे अमेरिकेचा 'डायव्हर्सिटी व्हिसा'. सर्वसामान्यांच्या बोलण्यातील ग्रीन कार्डाची लॉटरी. २९ नोव्हेंबर १९९० रोजी संमत झालेल्या कायद्याने ती जन्माला आली आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून नियमित सुरू झाली. ज्या देशांतून अमेरिकेत फारसे लोक गेले नाहीत, त्यांच्यासाठी वर्षाला ५५,००० व्हिसा सोडतीने द्यावेत, अशी ती योजना. पुढे त्यांतील काही दुसऱ्या कामी वळवले गेल्याने प्रत्यक्ष आकडा पन्नास हजारांच्या आसपास आला. आरंभीच्या संक्रमणकाळात, म्हणजे १९९२ ते १९९४ या वर्षांत, किमान चाळीस टक्के जागा आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांसाठी राखल्या होत्या. ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून दार उघडले ते एक, आणि पुढे त्या दारातून शिरले ते आफ्रिकेतील व नेपाळसारख्या देशांतील दुसरेच, असे या कायद्याच्या बाबतीत घडले. साहित्यकृतीचा अभिप्रेत वाचक आणि तिला प्रत्यक्ष लाभलेला वाचक यांतही असे अंतर अनेकदा पडते.

भारतीयांना हे दार पहिल्यापासूनच बंद होते. मागील पाच वर्षांत ज्या देशातून पन्नास हजारांहून अधिक लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तो देश अपात्र, असा नियम आहे. त्यामुळे आपल्याकडचा मराठी माणूस अमेरिकेला गेला तो पदवीच्या, नोकरीच्या किंवा आधी गेलेल्या आप्ताच्या आधाराने. नशिबाच्या चिठ्ठीने नव्हे. म्हाडाच्या घरांची सोडत आपल्या परिचयाची, १९६९ साली सुरू झालेली महाराष्ट्र राज्य लॉटरीही परिचयाची. ही सोडत मात्र आपल्या अनुभवविश्वाबाहेरची. माझा तिच्याशी संबंध आला तो एका नेपाळी विद्यार्थ्यामुळे.

भानुभक्त आचार्यांचे नेपाळी रामायण आणि श्रीधरांचा 'रामविजय' यांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी तो पुण्यात आला. प्रबंध पूर्ण झाला आणि त्याच सुमारास माझ्या भाचीशी त्याचा विवाहही झाला. ती साताऱ्याची, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. २०१८ च्या दसऱ्याच्या सुमारास दोघे माझ्याकडे आली. नेपाळात तेव्हा दशैं चाललेला असतो. घरची वडीलधारी माणसे कपाळाला टीका आणि जमरा लावून आशीर्वाद देतात. डीभीच्या नोंदणीचा महिनाही बहुधा तोच. "सर, गावी दशैंत आता आशीर्वादातसुद्धा डीभी येते," तो हसत म्हणाला. अर्ज इंग्रजीत असल्यामुळे मी तो एकदा वाचून द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आयुष्यभर दुसऱ्यांची संहिता वाचण्यात गेलेल्या माणसाला अशी विनंती नाकारता येत नाही.

अर्ज वरवर अगदी साधा होता. नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मगाव, जन्मदेश, छायाचित्र, टपालाचा पत्ता, शिक्षण, विवाह, मुले. तेव्हा तो भरण्यास शुल्कही नव्हते. बारा वर्षांचे शालेय शिक्षण, अथवा किमान दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची गरज असलेल्या व्यवसायातला दोन वर्षांचा अलीकडचा अनुभव, एवढीच पात्रता. परंतु या साधेपणाच्या आत नियमांची बारीक जाळी विणलेली होती. छायाचित्र सहा महिन्यांच्या आतले हवे, पार्श्वभूमी पांढरी हवी, चष्मा नको. पत्नी किंवा एकवीस वर्षांखालचे अपत्य नोंदवायचे राहिले, तर पुढे मुलाखतीच्या वेळी सारे रद्द. एकाच व्यक्तीच्या नावे दोन अर्ज गेले, तर दोन्ही बाद. चष्मा काढलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहून भाची म्हणाली, "मामा, हा फोटो पाहून मीसुद्धा ह्याला ओळखणार नाही."

२००३ पूर्वी हा अर्ज टपालाने जात असे. साध्या कागदावर माहिती लिहायची, छायाचित्र चिकटवायचे, आणि अर्जदाराने आपल्या लिपीत सही करावी अशी सूचना असे. ही सूचना मला मोलाची वाटते. हिमालयाच्या कुशीतल्या गावातून निघालेली देवनागरी सही समुद्रापलीकडच्या टपालकचेरीत पोहोचत असे; तिथे ती वाचणारे कोणी नसेलही, पण त्या कागदावर माणसाचा हात उमटलेला असे. संगणकीय अर्ज आला आणि सही गेली. तिच्या जागी एक निश्चितीक्रमांक आला. तो क्रमांक हीच पुढे अर्जदाराची ओळख, कारण निकाल त्यावरूनच पाहायचा. माझ्या विद्यार्थ्याच्या एका चुलतभावाचा क्रमांक अर्ज भरून देणाऱ्या माणसाने स्वतःकडेच ठेवला आणि निकालानंतर त्याचे पैसे मागितले. ज्याने सही जपायची तो आता आकडा जपतो.

या अर्जातील सर्वांत अर्थपूर्ण रकाना जन्मस्थानाचा. नागरिकत्व कोणते, आयुष्य कुठे गेले, कोणत्या भाषेत स्वप्ने पडतात, हे तिथे कोणी विचारत नाही. आईने जिथे जन्म दिला ती भूमी निर्णायक. म्हणून मस्कतला किंवा नैरोबीला जन्मलेला मराठी मुलगा, घरात वरणभात जेवत आणि गणपती बसवत वाढला तरी, या नियमाने ओमानचा किंवा केनियाचा ठरतो आणि अर्ज करू शकतो. पुण्यात जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ करू शकत नाही. त्याच नियमाला एक पोटनियम आहे. पती किंवा पत्नीचा जन्म पात्र देशात झाला असेल, तर दुसऱ्याला त्या देशाच्या खात्यावर अर्ज करता येतो. मात्र दोघांना व्हिसा मिळाला पाहिजे आणि दोघांनी अमेरिकेत एकत्रच प्रवेश केला पाहिजे. त्यामुळे साताऱ्यात जन्मलेल्या माझ्या भाचीने आपला स्वतंत्र अर्ज नेपाळच्या नावे भरला. माझी बहीण हे ऐकून थक्क झाली. "लग्नात नाव बदललं नाहीस, आणि आता देश बदललास होय गं?" असे तिने विचारले. प्रश्न विनोदाने केला असला, तरी माहेरसासर या आपल्या जुन्या द्वंद्वाचा त्यात नेमका उच्चार होता. फरक इतकाच, की या नियमात पतीही पत्नीच्या माहेरचा होऊ शकतो. आपल्या परंपरेत ती सोय नव्हती.

७ मे २०१९ रोजी निकाल लागला. त्याचा क्रमांक निवडला गेला नव्हता. तिचा गेला होता. पती आता तिच्या अर्जाचा सहप्रवासी ठरला. जवळपास दीड कोटी पात्र अर्जांतून सुमारे ८४ हजार माणसे, कुटुंबीयांसह, त्या वर्षी निवडली गेली. व्हिसा त्याहून पुष्कळ कमी. म्हणूनच अधिकृत भाषा 'विजेता' हा शब्द टाळते. 'निवड झालेला' एवढेच म्हणते, आणि निवड म्हणजे व्हिसा नव्हे हे पुन्हा पुन्हा बजावते. दोन्ही घरी मात्र पेढे वाटले गेले. सूचनापत्रातील शब्दनिवड इतकी सावध का, हे कळायला आम्हां सर्वांना एक वर्ष लागायचे होते.

आता दुसरा, मोठा अर्ज आला. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते मागितले होते. माझा विद्यार्थी गंडकी खोऱ्यातील एका गावचा. तिथल्या घराला क्रमांक नव्हता. वडा, म्हणजे आपला वॉर्ड, तेवढा सांगता येई. २०१७ साली नेपाळातील गाव विकास समित्या बरखास्त होऊन गाउँपालिका आल्या, तेव्हा ज्या प्रशासकीय नावाने जन्मनोंद झाली होती ते नावच उरले नव्हते. पुढे काठमांडूतील दोन खोल्या, मग पुण्यातील वसतिगृह, शनिवार पेठेतील एक माडी, कोथरूडमधली कॉट बेसिसवरची जागा. जन्मतारीख विक्रम संवतातली. तिकडचे वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होते, त्यामुळे इसवी सन काढताना महिन्यानुसार कधी ५६ तर कधी ५७ वजा करावे लागतात. शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीने केलेले रूपांतर, पारपत्रावर दुसऱ्या. मध्ये एका दिवसाचा फरक. त्या एका दिवसासाठी त्याला दोनदा काठमांडूला जावे लागले. दोन्ही देशांतील पोलिसांचे दाखले, विवाहाचे प्रमाणपत्र, भाषांतरे यांची चळत माझ्या टेबलावर साठत गेली. पत्त्यांची ती यादी मी अनेकदा वाचली. अलंकार नाही, भाष्य नाही, आणि तरीही एका तरुणाचा सारा भटका अभ्यासकाल तीत होता. आपल्याकडे आत्मचरित्रे विपुल लिहिली जातात. इतके निरलंकृत आत्मचरित्र मी क्वचितच वाचले असेल.

निवड झालेल्यांनाही क्रमांक असतो. आशियासाठी कोणत्या महिन्यात कुठवरचे क्रमांक बोलावले जातील हे दरमहा जाहीर होते, आणि त्यात नेपाळची मर्यादा अनेकदा वेगळी असते. भाचीचा क्रमांक उशिराचा. २०२० च्या उन्हाळ्यात बोलावणे येईल असा हिशेब होता. त्या भरवशावर त्याने काठमांडूतील एका महाविद्यालयात मिळालेली कायम जागा नाकारली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरच्या अमेरिकी वकिलातींतील नेहमीचे व्हिसाचे काम थांबले. २२ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने स्थायिक होण्यासाठी येणाऱ्या बहुतेकांचा प्रवेश स्थगित झाला. २२ जूनला ती स्थगिती वर्षअखेरपर्यंत वाढली. आणि या व्हिसाचा कायदा असा, की ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपले की निवडही संपते. पुढच्या वर्षी ती चालत नाही. निवडलेले अनेकजण न्यायालयात गेले. ४ सप्टेंबरला वॉशिंग्टनमधील न्यायाधीश अमित मेहता यांनी, ज्यांचा स्वतःचा जन्म भारतात झाला, त्या वर्षीचे अर्ज हाताळण्याचा आदेश दिला. काहींना त्याचा लाभ झाला. पण वर्ष उलटल्यावर असे व्हिसा देण्यास न्यायालय भाग पाडू शकत नाही, असा निर्णय २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दिला. माझ्या भाचीला मुलाखतीचे पत्र कधी आलेच नाही. ३० सप्टेंबरच्या रात्री दोघे जागी होती, असे तिने मला नंतर सांगितले. काही घडेल म्हणून नव्हे. संपताना जागे असावे म्हणून.

या साऱ्या प्रकरणात दैवाचा वाटा नेमका किती, असा प्रश्न मला पडतो. सोडत म्हणजे निखळ यदृच्छा, असे आपण गृहीत धरतो, आणि कायदाही ती यदृच्छा मागतो. २०११ च्या मे महिन्यात निकाल जाहीर झाला तेव्हा निवडलेल्यांपैकी बहुतेक सारे नोंदणीच्या पहिल्या दोन दिवसांतले निघाले. संगणकाच्या आज्ञावलीत दोष होता. सुमारे २२,००० जणांना निवड झाल्याचे कळलेले असताना ती सोडत रद्द झाली आणि जुलैमध्ये नवी काढली गेली. यंत्राने केलेली निवड पुरेशी आंधळी नव्हती, म्हणून ती अन्यायाची ठरली! आंधळेपणा हाच जिथे न्याय आहे, अशी ही दुर्मीळ जागा. पण हा न्याय टिकतो तो यंत्र फिरते तेवढ्या क्षणापुरता. त्याआधी जन्मभूमीचे राज्य असते, त्यानंतर कागदाचे आणि कालमर्यादेचे. श्रीमंताचा आणि गरिबाचा अर्ज त्या एका क्षणी खरोखरच समान असतो. हे थोडे नव्हे, आणि नेपाळातील खेड्यापाड्यांत या योजनेवर इतका जीव का जडला, याचे उत्तरही तेच आहे. परंतु आपण ज्याला 'पडणे' आणि 'लागणे' म्हणतो, त्याच्या मागेपुढे माणसांनी लिहिलेली वाक्ये असतात. दैवावर टीका करता येत नाही. वाक्यांवर करता येते, आणि म्हणूनच ती वाचली पाहिजेत, असे मला वाटते.

डिसेंबर २०२५ मध्ये ही योजनाच थांबविण्याची घोषणा अमेरिकेच्या शासनाने केली. माझ्या विद्यार्थ्याने त्यावर काही भाष्य केले नाही. तो आता पुण्यातच शिकवतो. २०२१ साली त्यांना मुलगी झाली. तिचा जन्म पुण्यातला आणि आईचाही जन्म भारतातला. म्हणून त्या नियमाच्या भाषेत ती केवळ भारताची, वडिलांचा नेपाळ तिच्या वाट्याला येत नाही. घरात तिला हा नियम कोणी सांगितलेला नाही. ती मला मामाआजोबा म्हणते, गंडकीकाठच्या आजोबांना हजुरबुबा म्हणते, आणि पाऊस आला की एका खिडकीत 'पडतो' म्हणते, तर दुसऱ्या खिडकीत 'पर्‍यो'.