मोटारींतील वाटाड्या

शिवणयंत्र, पाण्याचें गाळण, दळणाची चक्की अशा गृहोपयोगी वस्तु कशा पारखून घ्याव्या ह्याविषयीं कुटुंबांत नेहमींच ऊहापोह होत असतो. परंतु मोटारींत बसवावयाच्या गाण्याच्या यंत्राची निवड हा विषय एखाद्या सेवानिवृत्त संस्कृत-शिक्षकानें लिहावयास घ्यावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि ज्या वस्तूवर घरांतील एका माणसाची रात्रीची वाट अवलंबून राहणार, तिला चैनीची वस्तु म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

संगमनेरास आमचें एकत्र कुटुंब आहे. पंगतीस लहानथोर बारा पानें असतात, आणि दाराशीं मोटार एकच. ती अकरा वर्षांची वॅगनआर. गेल्या श्रावणांत तिच्यांतील जुना रेडिओ कायमचा मुका झाला. त्याच सुमारास आमच्या धाकट्या सूनबाईंची अकोले तालुक्यांतील एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्या स्वतः गाडी चालवितात. अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी घड्याळ पाहून येत नाहीं. त्यामुळें त्यांचें जाणेंयेणें कधीं अपरात्रींही होणार हें उघड होतें. पुतण्यास मोठा पडदा हवा होता, नातवंडांस गाणीं हवीं होतीं, आणि आमच्या सौ.नीं एकच वाक्य बोलून तो वाद मिटविला: "वाट दाखवील तो घ्या, गाणीं काय, मी घरीं म्हणून दाखवीन."

त्या वाक्यामागें एक घटना होती. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याकडील तिघे जण कळसूबाईवर चढण्यासाठीं मोटारीनें निघाले होते. महाराष्ट्रांतील हें सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर, आमच्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्याच्या हद्दीवर आहे. रात्रीच्या अंधारांत कोतुळहून अकोल्याकडे येतांना फोनवरील नकाशानें त्यांना जवळची वाट दाखविली. त्या वाटेवर एक पूल आहे. पण पिंपळगांव खांडचें धरण भरलें म्हणजे तो पूल कित्येक महिने पाण्याखालीं असतो. नकाशाच्या लेखीं पूल होता. डोळ्यांपुढें काळोख होता. मोटार सरळ जलाशयांत गेली. दोघे पोहून कांठास लागले. चालक मात्र बुडाला. आसपासच्या गांवांतील शाळकरी पोरासही जी गोष्ट ठाऊक, ती एवढ्या मोठ्या आकाशस्थ सरंजामास ठाऊक नव्हती. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीकडे रामगंगेवरील तुटक्या पुलावरून मोटार खालीं पडून तिघे दगावले, तेव्हांही नकाशावरच बोट ठेवण्यांत आलें.

येथें दोन गोष्टींची गल्लत होते, आणि दुकानदारही ती बहुधा दूर करीत नाहींत. आपण कोठें आहों हें सांगणें हें एक काम, आणि तेथून रस्ता कोणता हें सांगणें हें दुसरें. पहिलें काम उपग्रह करितात. अमेरिकेच्या जी.पी.एस. योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडला गेला व १९९५ सालीं ती योजना पूर्णत्वास गेली. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे निदान चोवीस उपग्रह आपली वेळ व आपलें स्थान अखंड उच्चारीत असतात. संदेश किती वेळानें पोंचला ह्यावरून मोटारींतील यंत्र अंतर काढतें. तीन उपग्रहांवरून स्थान निघतें, आणि चौथा लागतो तो आपल्या यंत्रांतील स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करण्यासाठीं. प्रकाश एका सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर जातो. तेव्हां सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी ठिकाणा तीनशें मीटर हुकावयाचा. म्हणून प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळ असतें. आपल्या देशानेंही २०१३ ते २०१६ ह्या अवधींत सात उपग्रह स्थापून 'नाविक' ही स्वतंत्र व्यवस्था उभारली. त्यांतील कांहीं परदेशी अणुघड्याळें बिघडलीं, आणि मे २०२३ मध्यें सोडलेल्या नव्या उपग्रहांत स्वदेशी घड्याळ बसविण्यांत आलें. ह्या आकाशसेवेसाठीं ग्राहकास एक पैही द्यावी लागत नाहीं, व इंटरनेटचीही गरज नाहीं.

दुसरें काम नकाशाचें, आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर उपग्रहांवरून निघणारें स्थान हें अनुमान होय, आणि नकाशा हें शब्दप्रमाण. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तरच. आणि आप्त म्हणजे ज्यानें वस्तु यथार्थ जाणली व जाणली तशीच सांगितली तो. ज्यानें पूल वैशाखांत पाहिला, त्याच्या शब्दावर विसंबून पौषांत गाडी घालतां येत नाहीं. घरीं कांहीं हौशी विद्यार्थ्यांस मी तर्कसंग्रह शिकवितों. त्यांना शब्दप्रमाणाचा दाखला म्हणून हल्लीं मी हाच पूल देतों, आणि तो त्यांच्या चटकन् ध्यानांत येतो.

आश्विनांत एका रविवारीं आम्ही चौघे नगरास गेलों. (जिल्ह्याचें व शहराचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. चोंडीची ती पुण्यशील कन्या आमच्या जिल्ह्याचें भूषणच आहे. पण साठ वर्षांची जीभ अद्याप नगर म्हणूनच जाते.) दुकानदार तरुण व बोलका होता. "काका, हा घ्या, नऊ इंची पडदा, आंत सगळं आहे," म्हणून त्यानें चिनी बनावटीचें एक यंत्र पुढें केलें. किंमत सात हजार. दुसरें एका नामांकित कंपनीचें. पडदा लहान, किंमत जवळजवळ दुप्पट, आणि त्यांत स्वतःचा नकाशा नाहीं, फोनवरील नकाशाच पडद्यावर उमटावयाचा.

ह्या यंत्रांच्या खोबणीचें माप जर्मनीच्या मानक-संस्थेनें ठरविलेलें असून तेंच जगभर चालतें: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० किंवा तिची दुप्पट १००. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून दुकानांत 'डिन' व 'डबल डिन' असे शब्द रूढ झाले आहेत. नऊ इंची पडदा त्या खोबणींत मावत नाहीं. त्यासाठीं त्या त्या गाडीची निराळी चौकट लागते, व तिचे पैसे निराळे, हें आपण होऊन कोणी सांगत नाहीं. खोक्यावर छापलेले वॅटचे मोठाले आंकडे क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात. सतत मिळणारी शक्ति पुष्कळ कमी. आमच्या घरीं कोणास गल्ली हादरवावयाची नसल्यामुळें हा मुद्दा तेथेंच सोडून दिला. मात्र गाडीच्या मूळ तारा कापून गांठी मारण्यास मीं स्पष्ट नकार दिला. जुळणारा कपलर मिळतो, तो नुसता खोंचावयाचा असतो. थोडक्या रुपयांसाठीं तारा उघड्या पाडून आगीला निमंत्रण देण्यांत काय शहाणपण आहे?

खरी परीक्षा सूनबाईंनीं घेतली. दुकानदाराच्या स्वतःच्या गाडींत त्याच जातीचें यंत्र बसविलेलें होतें. त्यांनीं त्यास फोनचें हॉटस्पॉट बंद करावयास लावलें आणि आम्हां सर्वांस घेऊन एक फेरी मारावयास सांगितलें. पडद्यावर आमचा बाण बिनचूक पुढें सरकत होता. परंतु त्याच्याखालीं रस्ता नाहीं, गांव नाहीं, नदी नाहीं. कोऱ्या पाटीवर मुंगी चालावी तसा तो चालला होता. "ताई, नेट लावलं कीं सगळं येतं," दुकानदार म्हणाला. सूनबाई म्हणाल्या, "अहो, घाटांत फोनला रेंज नसते. तेव्हां नेट कुठून लावूं?" तो गप्प राहिला. वर सांगितलेलीं दोन कामें किती भिन्न आहेत, हें त्या कोऱ्या पडद्यानें आम्हांस डोळ्यांनीं दाखविलें.

मग पुतण्यानें दुकानांत बसूनच अकोले, संगमनेर, जुन्नर व इगतपुरी ह्या भागांचे नकाशे यंत्रांत उतरवून घेतले. पुन्हां हॉटस्पॉट बंद केलें, पुन्हां फेरी मारली. आतां बाणाखालीं रस्ते उमटले. ज्या यंत्राची कार्यस्मृति एक जीबी होती तें ह्या कामांत धापा टाकूं लागलें, म्हणून दोन जीबीचें पाहिलें. कंपनीचें यंत्र सुबक होतें खरें. परंतु त्यांत सर्व भिस्त फोनवर, आणि आरोग्य केंद्राचा निरोप यावयाचा तो त्याच फोनवर. फोनची बॅटरी उतरली तर वाटही गेली व निरोपही गेला, असा सूनबाईंचा युक्तिवाद होता. पुतण्याचें म्हणणें, फोनवरचा नकाशा अधिक ताजा राहतो. तेंही खोटें नव्हे. परंतु ज्याच्या हातीं चाक त्याचा शब्द शेवटचा, असें मी म्हणालों, आणि पांचशें रुपये अधिक देऊन आवाजाचें गोल बटण असलेला चिनी नमुना घेतला. ह्या बटणाविषयीं माझाच आग्रह होता. काळोखांत काचेवर बोट फिरवून आवाज कमी करावयाचा म्हणजे डोळे रस्त्यावरून काढावे लागतात. बटण हातास आपोआप सांपडतें.

उपग्रहांचे संदेश टिपणारी काडेपेटीएवढी एक डबी यंत्राबरोबर येते. कारागीर ती पत्र्यामागें दडवीत होता, कारण तेथें ती नीटनेटकी दिसत नाहीं असें होत नाहीं. हे संदेश अतिशय क्षीण असतात व धातूंतून पार होत नाहींत. म्हणून ती समोरच्या काचेखालीं, आकाश दिसेल अशी ठेवविली. रेडिओ मात्र जुन्याइतका स्वच्छ लागत नाहीं, आणि सकाळच्या भक्तिगीतांत खरखर येते अशी सौ.ची तक्रार अद्याप चालूच आहे.

राहतां राहिला पाण्याखालचा पूल. त्यावर कोणत्याही किंमतीच्या यंत्रांत उपाय नाहीं. रस्ता बंद असल्याचें नकाशावर कोणासही कळवितां येतें, व सूनबाई तसें कळवितात. पण रेंज असेल तेव्हांच, आणि ती नोंद केव्हां दिसूं लागेल ह्याचा नेम नाहीं. म्हणून मीं एक दोनशेंपानी वही घेतली. एस.टी.चे चालक, दुधाच्या टेंपोवाले, आरोग्य केंद्राचे शिपाई, ह्यांना विचारून कोणता पूल कोणत्या महिन्यांत बुडतो, कोठें दरड येते, कोठें रात्रीं धुकें उतरतें, हें तिच्यांत टिपून ठेवितों. वही गाडीच्या खणांत असते, आणि अपरात्रीं निघण्यापूर्वीं सूनबाई आधीं ती चाळतात, मग पडदा लावतात. आजवर तिच्यांत अकरा नोंदी झाल्या आहेत. बारावी कालच एका टेंपोवाल्यानें सांगितली, ती आज सायंकाळीं लिहावयाची आहे.